घरी जुळविलेल्या संगणकाच्या स्मृतीतील दोष : ओळख आणि निवारण

१८ मे २००३ रोजी बेल्जियममध्ये सार्वत्रिक निवडणूक झाली. ब्रुसेल्स महानगरातील स्कारबेक या भागात मतदारांनी आपले मत चुंबकीय कार्डावर नोंदविले आणि त्या कार्डांची बेरीज संगणकाने केली. निकाल तपासताना एका उमेदवार महिलेची आकडेवारी खटकली. तिला व्यक्तिशः पडलेली मते तिच्या यादीला मिळू शकणाऱ्या मतांपेक्षाही जास्त दिसत होती. कार्डे पुन्हा वाचण्यात आली. पहिल्या आणि दुसऱ्या बेरजेत फरक निघाला तो बरोबर ४०९६ मतांचा. इतर सर्व उमेदवारांची मते जशीच्या तशी होती.

४०९६ हा आकडा जाणकारांना बोलका वाटला. संगणक सर्व संख्या शून्य आणि एक या दोनच अंकांनी लिहितो. या द्विमान पद्धतीत प्रत्येक स्थानाची किंमत मागील स्थानाच्या दुप्पट असते. १, २, ४, ८ असे मोजत गेल्यास तेराव्या स्थानाची किंमत ४०९६ येते. याचा अर्थ, स्मृतीतील एका संख्येच्या तेराव्या स्थानावरील शून्याचा आपोआप एक झाला. तज्ज्ञांनी आज्ञावली तपासली, यंत्र तपासले. अन्य कारण सापडले नाही. तेव्हा स्मृतीतील एक अंक स्वतःहून उलटला, असाच निष्कर्ष त्यांना काढावा लागला.

ही चूक सापडली, कारण ती अशक्य कोटीतील होती. तीच चूक चौथ्या स्थानावर झाली असती तर फरक आठच मतांचा पडला असता, आणि तो कोणाच्या ध्यानात येणे कठीण होते. संगणकाच्या स्मृतीतील दोषाचा विचार करताना हा मुद्दा प्रथम लक्षात घ्यावयास हवा. यंत्र बंद पडले तर काम खोळंबते, पण निदान दोष आहे हे कळते. यंत्र चालू राहून चुकीचा आकडा लिहू लागले, तर शाळेच्या गुणपत्रकात किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये तो आकडा मुकाट्याने जाऊन बसतो.

घरी जुळविलेला संगणक

सुटे भाग विकत आणून संगणक जुळविण्याची प्रथा आपल्याकडे चांगलीच रुळलेली आहे. शहरातील बाजारपेठेतून प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय आणि पेटी असे भाग निवडून आणावेत आणि घरी किंवा ओळखीच्या कारागिराकडून ते जोडून घ्यावेत, म्हणजे पैशाची बचत होते व हवे तसे यंत्र मिळते. अनेक शाळांतील, छोट्या कार्यालयांतील आणि घरांतील यंत्रे अशीच ‘असेंबल’ केलेली असतात. तयार यंत्र विकणारी कंपनी त्याचे सर्व भाग एकमेकांशी जुळतात की नाही याची आधी चाचणी घेते. घरी जुळविलेल्या यंत्रात ही जबाबदारी जुळविणाऱ्यावर येते. ती बहुधा कोणी घेत नाही, हे मात्र कबूल करावयास हवे.

स्मृतीचे दुखणे या प्रथेइतकेच जुने आहे. जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या अमेरिकन मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० हा सुट्या भागांच्या संचातून घरी जुळवावयाचा संगणक झळकला. त्याची मूळ स्मृती अवघी २५६ बाइटची होती. एवढ्या जागेत उपयुक्त असे फारसे काही मावत नसे. म्हणून न्यू मेक्सिकोतील त्याच्या उत्पादकाने चार हजार बाइटचे वाढीव स्मृतिफलक विक्रीस काढले. परंतु ते इतके बेभरवशाचे निघाले की, हौशी मंडळींनी त्यांच्याकडे पाठ फिरविली आणि दुसऱ्या एका छोट्या कंपनीचे, वेगळ्या धाटणीचे फलक घेणे पसंत केले. आपण जुळविलेले यंत्र का अडखळते, दोष जोडणीत आहे की फलकात, हा प्रश्न त्या पिढीने रात्री जागवून सोडविला. प्रश्न आजही तोच आहे. सोडविण्याची साधने मात्र पुष्कळ सुधारली आहेत.

स्मृती चुकते कशी?

आज वापरात असलेल्या रॅमचे मूळ तत्त्व आयबीएम कंपनीतील रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधले. त्याचे एकस्व त्यांना १९६८ मध्ये मिळाले. एक अंक साठविण्यास एक ट्रान्झिस्टर आणि एक सूक्ष्म धारित्र पुरते, ही त्यांची कल्पना. धारित्रात विद्युतभार असेल तर एक, नसेल तर शून्य. पण हे धारित्र म्हणजे बुडाशी बारीक भोक पडलेली घागर होय. त्यातील भार सतत गळत असतो. म्हणून प्रत्येक अंक वाचून पुन्हा भरून ठेवावा लागतो. सर्वसाधारणपणे दर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदातून पंधरा-सोळा वेळा, संपूर्ण स्मृतीची अशी फेरी पुरी होते. नव्या डीडीआर-५ प्रकारात, तसेच यंत्र फार तापले असता, ही मुदत निम्म्यावर येते.

१६ जीबीच्या एका पट्टीत अशी सुमारे १३,७०० कोटी धारित्रे असतात. त्यांतील एखादे कमअस्सल असले, दोन फेऱ्यांच्या दरम्यान भार टिकवू शकले नाही, की त्या जागेवरचा अंक बदलतो. नेमक्या त्याच जागेवर काय लिहिलेले आहे यावर परिणाम अवलंबून असतो. चित्राचा एक ठिपका असेल तर रंग किंचित बदलेल व कोणाला पत्ताही लागणार नाही. आज्ञावलीतील सूचना असेल तर यंत्र कोसळेल. वसुलीची रक्कम असेल तर रक्कम बदलेल.

लक्षणांचे वाचन

स्मृतीचा दोष क्वचितच स्वतःच्या नावाने प्रकट होतो. यंत्र अगदीच सुरू न होणे, सुरू होताना ठरावीक पद्धतीने शिट्या वाजणे किंवा मदरबोर्डवरील ‘डीरॅम’ असे लिहिलेला छोटा दिवा पेटून राहणे ही त्यातल्या त्यात सरळ लक्षणे. शिट्यांचा अर्थ उत्पादकागणिक बदलतो. तो मदरबोर्डसोबत आलेल्या पुस्तिकेत पाहावा. येथे एक सावधगिरीची सूचना देणे इष्ट. डीडीआर-५ स्मृती बसविलेले नवे यंत्र पहिल्यांदा सुरू करताना पडदा काही मिनिटे काळाच राहू शकतो. त्या वेळात यंत्र रॅमशी आपला ताल जुळवून घेत असते. यंत्र मेले असे समजून अनेक जण याच वेळी वीज तोडतात आणि पहिल्यापासून सारा प्रकार पुन्हा सुरू होतो.

खरी पंचाईत होते ती अर्धवट चालणाऱ्या यंत्राच्या बाबतीत. आज निळा पडदा आला, उद्या ब्राउझर मिटला, परवा विंडोज बसविताना मध्येच अडली, आणि प्रत्येक वेळी संदेश निराळा. अशा वेळी दोषात सातत्य आहे की नाही हे पाहावे. एकच आज्ञावली वारंवार बंद पडत असेल, तर संशय तिच्यावर घ्यावा. एकच फाइल उघडत नसेल, तर डिस्क तपासावी. पण कोणतीही आज्ञावली, कोठेही, कधीही कोसळत असेल आणि दर वेळी कारण वेगळे दाखविले जात असेल, तर रॅमचा संशय सर्वांत आधी घ्यावा. याची एक साधी परीक्षा आहे. काही जीबी आकाराची दाबून बांधलेली झिप फाइल तीन-चार वेळा उलगडून पाहावी. दर वेळी त्याच ठिकाणी चूक निघाली तर फाइलच खराब आहे. कधी चूक निघते, कधी निघत नाही, कधी दुसऱ्याच ठिकाणी निघते, असे झाले तर फाइल निर्दोष असून ती वाचणारे यंत्र चुकत आहे असे समजण्यास हरकत नाही.

यंत्रात १६ जीबी बसविलेली असताना ८ जीबीच दिसते, अशीही तक्रार येते. एक पट्टी नीट न बसणे हे त्याचे नेहमीचे कारण. मात्र थोडासा फरक दिसल्यास घाबरू नये. प्रोसेसरमध्येच चित्रविभाग असेल तर तो आपल्यासाठी काही स्मृती राखून ठेवतो. जुन्या यंत्रांवर ३२-बिट विंडोज असेल, तर चार जीबीपैकी साधारण सव्वातीन ते साडेतीन जीबीच वापरता येते. तो दोष नव्हे, त्या प्रणालीची मर्यादा होय.

आधी सांधे तपासावेत

कारागिरांचा अनुभव असा की, रॅमच्या पुष्कळशा तक्रारी पट्टी काढून, पुसून, पुन्हा बसविल्याने मिटतात. पट्टीच्या कडेला सोन्याचा पातळ मुलामा दिलेले संपर्क असतात. डीडीआर-४ व डीडीआर-५ मध्ये त्यांची संख्या २८८ आहे. सोने गंजत नाही, पण त्यावर धूळ, बोटांचा तेलकटपणा आणि दमट हवेतील मळ यांचा थर बसतो. कोकणपट्टीत पावसाळ्यानंतर, तसेच बरेच महिने बंद असलेल्या यंत्रात हा प्रकार हटकून आढळतो. दुकानांतून खोडरबराने हे संपर्क घासण्याची पद्धत आहे. ती अगदीच त्याज्य नाही, परंतु रबर खरखरीत असेल तर सोन्याचा मुलामा निघून जातो आणि त्याचे कण खाचेत पडून नवीनच दोष उत्पन्न करतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि तंतू न सुटणारे कापड वापरणे अधिक चांगले. पूर्ण वाळल्याशिवाय पट्टी बसवू नये.

हे काम करण्यापूर्वी यंत्र बंद करून वीजपुरवठ्याची वायर काढावी आणि सुरू करण्याचे बटण एकदा दाबून उरलासुरला भार निघून जाऊ द्यावा. पट्टीला हात लावण्याआधी पेटीच्या उघड्या धातूला हात लावावा. आपल्या अंगावर साचलेली स्थितिक वीज सुमारे तीन हजार व्होल्टपर्यंत आपल्याला जाणवतच नाही, आणि त्याहून कितीतरी कमी दाबाने स्मृतीची चिप निकामी होऊ शकते. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत, कृत्रिम धाग्याचे कपडे घातलेले असताना विशेष काळजी घ्यावी.

पट्टी बसविताना तिची खाच आणि मदरबोर्डवरील खुंटी जुळली पाहिजे. डीडीआर-४ ची पट्टी डीडीआर-५ च्या खाचेत बसत नाही. तेथे जोर करू नये. पट्टी सरळ धरून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. टोकाचा खटका टक् असा आवाज करून आपोआप बसला पाहिजे. पुष्कळ मदरबोर्डवर एकाच बाजूला खटका असतो, त्यामुळे दुसरे टोक अर्धवट वर राहिलेले लक्षात येत नाही. चार खाचा असून पट्ट्या दोनच असतील, तर त्या बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवावयाच्या असतात. पुस्तिकेत या खाचांना ए-२ आणि बी-२ असे म्हटलेले असते. हौशी जुळविणारे पहिल्या दोन खाचा भरतात आणि मग पट्ट्यांना दोष देतात.

रात्रभराची चाचणी

सांधे ठीक असूनही त्रास राहिला तर स्मृतीची रीतसर चाचणी घ्यावी. विंडोजमध्ये ‘मेमरी डायग्नोस्टिक’ ही सोय अंतर्भूत आहे. तथापि अधिक कसून तपासावयाचे असेल तर मेमटेस्ट-८६ किंवा मेमटेस्ट-८६ प्लस यांचा अवलंब करावा. या आज्ञावली विनामूल्य मिळतात. त्या पेनड्राइव्हवर घेऊन यंत्र त्यावरूनच सुरू करावयाचे असते, कारण विंडोज चालू असताना तिने व्यापलेली स्मृती तपासता येत नाही. चाचणी दुसऱ्या चांगल्या यंत्रावर तयार करावी, हे सांगावयास नकोच. ज्याची शंका आहे त्याच्याकडून प्रमाणपत्र लिहून घेण्यात अर्थ नाही.

ही आज्ञावली प्रत्येक जागेवर ठरावीक नमुने लिहिते आणि पुन्हा वाचून ताडून पाहते. सगळे शून्य, सगळे एक, एकाआड एक, यदृच्छेने निवडलेले आकडे, असे निरनिराळे नमुने असतात. काही दोष शेजारच्या जागेवर विशिष्ट आकडा असतानाच प्रकट होतात, म्हणून इतके प्रकार. शेजारी जागांचा हा परस्परपरिणाम २०१४ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकांनी स्पष्टपणे दाखवून दिला. एकच ओळ वारंवार वाचली असता तिच्या शेजारच्या ओळीतील अंक उलटतात, असे त्यांनी तपासलेल्या १२९ पट्ट्यांपैकी ११० पट्ट्यांत आढळले.

एका फेरीत चूक निघाली नाही म्हणून समाधान मानू नये. निदान चार फेऱ्या, शक्य तर रात्रभर चाचणी चालू ठेवावी. काही दोष यंत्र तापल्यावरच दिसतात. आणि चूक एकच निघाली तरी ती क्षम्य समजू नये. कोट्यवधी जागांत एक म्हणजे काहीच नाही, असे वाटणे स्वाभाविक आहे; स्कारबेकमध्येही एकच अंक उलटला होता.

चूक निघाल्यावर ती कोणाची हे ठरविण्याची रीत अशी. सर्व पट्ट्या काढून एकच पट्टी एका खाचेत बसवावी व चाचणी घ्यावी. मग तीच पट्टी दुसऱ्या खाचेत, आणि नंतर दुसरी पट्टी आळीपाळीने दोन्ही खाचांत. दोन पट्ट्या व दोन खाचा असतील तर चार चाचण्या होतात. चूक पट्टीबरोबर हिंडली तर पट्टी सदोष. पट्टी कोणतीही असो, चूक एकाच खाचेत राहिली, तर दोष खाचेत किंवा तिच्यामागील जोडणीत. प्रत्येक पट्टी एकटी निर्दोष ठरली आणि दोन्ही मिळून चुकल्या, तर त्यांचे एकमेकींशी जुळत नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि तो कागदावर लिहून ठेवावा. घाईने पट्टी बदलली, सेटिंगही बदलले, आणि यंत्र चालू लागले, तर कशाने चालू लागले हे कधीच कळत नाही.

वेगाचा मोह

पट्ट्यांच्या वेष्टनावर छापलेला वेग हा नेहमीच यंत्राचा मान्य वेग असतो असे नाही. उदाहरणार्थ, डीडीआर-४ ची प्रमाणित मर्यादा ३२०० पर्यंत आहे. ३६०० असे छापलेली पट्टी त्या वेगाने चालते ती एक्सएमपी नावाचे सेटिंग चालू केल्यावर, आणि १.२ व्होल्टऐवजी बहुधा १.३५ व्होल्ट दाब घेऊन. मदरबोर्ड आणि प्रोसेसर यांना हे झेपेलच, याची खात्री कोणी देत नाही. म्हणून चाचणीत चूक निघताच हे सेटिंग बंद करून पुन्हा चाचणी घ्यावी. चुका थांबल्या तर पट्टी फेकण्याचे कारण नाही. वेग एक पायरी कमी ठेवावा. कार्यालयीन कामात हा फरक जाणवतही नाही. वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्या एकत्र बसविणे, किंवा दोनच्या जागी चार बसविणे, यानेही हाच त्रास उद्भवतो. सेटिंग बदलल्यावर यंत्र सुरूच होईना, तर मदरबोर्डवरील बटण-आकाराची बॅटरी काही मिनिटे काढून ठेवल्यास बहुतेक यंत्रांत मूळ सेटिंग परत येते.

दोष अन्यत्र असतो तेव्हा

पूर्वी स्मृतीचे नियंत्रण मदरबोर्डवरील स्वतंत्र चिप करीत असे. एएमडीने २००३ मध्ये व इंटेलने २००८ मध्ये ते आपल्या मुख्य प्रोसेसरमध्येच आणले. त्यामुळे प्रोसेसरच्या बैठकीतील एखादी टाचणी वाकली किंवा त्यावरील पंख्याचे स्क्रू एका बाजूस अधिक आवळले गेले, तरी एका बाजूची रॅम दिसेनाशी होते. नव्या तीन पट्ट्या आणूनही ज्यांचा प्रश्न सुटला नाही, अशांनी ही जागा अवश्य पाहावी.

वीजपुरवठ्याकडेही असेच दुर्लक्ष होते. हलक्या प्रतीचा पॉवर सप्लाय भार वाढताच डळमळतो आणि लक्षणे अगदी रॅमच्या दोषासारखी दिसतात. पेटीला हात लावताच झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही असे समजावे. पॉवर सप्लायच्या आतील गाळणीमुळे अशा वेळी पेटीच्या धातूवर विजेच्या दाबाच्या सुमारे निम्मा दाब येतो. प्रवाह अल्प असतो, तरी हे यंत्राला आणि माणसाला दोघांनाही हितकारक नाही. शाळेच्या संगणककक्षात तर अर्थिंगची तपासणी वायरमनकडून आधी करून घ्यावी, रॅमचा विचार मागाहून करावा.

नोंदींचे काय?

रॅम बदलली की काम संपले असे मानले जाते. परंतु सदोष स्मृतीतून गेलेली प्रत्येक फाइल डिस्कवर उतरलेली असते, आणि डिस्कवरून बॅकअपमध्ये गेलेली असते. बॅकअप हा जसाच्या तसा उतारा असतो. तो चुकीचाही उतारा इमानाने करतो. म्हणून त्रास केव्हा सुरू झाला ती तारीख शक्य तितकी निश्चित करावी आणि त्याआधीचा बॅकअप प्रमाण मानावा. त्यानंतर झालेल्या नोंदी मूळ कागदावरून, पावतीपुस्तकावरून ताडून घ्याव्यात. दोषाची शंका आल्या दिवसापासून त्या यंत्रावर नव्या नोंदी करणे थांबवावे, बॅकअपही घेऊ नये. जुन्यावर नवा चढला तर चांगली प्रतही जाते.

टोरांटो विद्यापीठातील बियांका श्रोडर आणि गूगलमधील त्यांचे सहकारी यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गूगलच्या ताफ्यातील सुमारे एक-तृतीयांश यंत्रांत वर्षभरात स्मृतीची निदान एक चूक घडल्याचे दिसले. एकदा चुकलेली पट्टी पुन्हा चुकण्याची शक्यता अनेक पटींनी जास्त असते, हेही त्यांत आढळले. तेथे या चुका मोजता आल्या, कारण त्या यंत्रांत चूक ओळखून दुरुस्त करणारी ईसीसी स्मृती होती. तिच्यात ६४ अंकांमागे बहुधा आठ जादा अंक ठेवून एक चूक दुरुस्त केली जाते व दोन चुका असल्यास त्या कळविल्या जातात. या विद्येचा पाया बेल प्रयोगशाळेतील रिचर्ड हॅमिंग यांनी १९५० च्या आपल्या निबंधात घातला. सुटीच्या दिवशी यंत्रावर लावून ठेवलेले काम एका चुकीमुळे बंद पडलेले सोमवारी पाहावे लागे, या वैतागातून तो विचार निघाला होता.

मोठ्या सर्व्हरमध्ये ईसीसी असतेच. घरी जुळविलेल्या यंत्रात ती क्वचित असते. काही प्रोसेसर व मदरबोर्ड ती स्वीकारतात, किंमत थोडी अधिक पडते. डीडीआर-५ मध्ये चिपच्या आत अशी काही सोय असते, पण चिप आणि प्रोसेसर यांच्या दरम्यानच्या प्रवासाला तिचे संरक्षण नसते. जाहिरातीतील शब्दावर जाऊ नये. ज्या यंत्रावर कराच्या मागणीचे किंवा परीक्षेच्या निकालाचे काम व्हावयाचे आहे, त्याच्या खरेदीपत्रकात ईसीसीचा उल्लेख स्पष्टपणे करावा.

सदोष पट्टी दुकानदाराकडे नेताना चाचणीच्या पडद्याचे छायाचित्र आणि खरेदीची पावती सोबत असावी. रॅमला अनेक उत्पादक दीर्घ मुदतीची हमी देतात. जोडीने घेतलेल्या पट्ट्या असतील तर दोन्ही परत कराव्यात, कारण बदली आलेली एकच पट्टी जुनीशी जुळेल असे नाही. नवी पट्टी बसविल्यावर पुन्हा रात्रभर चाचणी घ्यावी, ती निर्दोष निघाल्यावर विंडोज नव्याने बसवावी, आणि मगच नोंदवही उघडावी.